बिननाकाचे महाराज

"माझं नाक कुठाय?" राजा उग्रभानू कडाडला.

दरबारी राजाच्या नव्या पुतळ्याभोवती फिरून फिरून दमले, पण नाक काही सापडेना! डोळे नाहीत, मिशा नाहीत. काळ्या पाषाणातून पुढं आलेलं गरगरीत पोट, आखडलेले खांदे, कलती मान आणि डोक्याच्या जागी नुसता गुळगुळीत गोटा.

"महाराज, मी चेहरा घडवत नाही, माणूस घडवते," पाथरवटाची लेक गोजरा म्हणाली.

"हा माणूस? हा तर वरवंटा आहे!"

"वरवंट्याला पोट नसतं, महाराज."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकू लागलं. राजाचे कान लाल झाले.

"असं? मग उद्या दिवस मावळायच्या आत कुणीतरी आपणहून या धोंड्याला 'महाराज' म्हटलं पाहिजे! छिन्नी लावायची नाही, कुणाला सांगायचं नाही. हरलीस तर हातोडा टाकून जन्मभर पागेत लीद काढायची!"

दगडावाचून गोजरा जगणार कशी? तरी ती म्हणाली, "कबूल! फक्त पुतळा मुदपाकखान्यात ठेवू द्या, दाराकडं पाठ करून. आणि आपण माझ्यासोबत पडद्याआड उभं राहा."

दुसऱ्या दिवशी आचारी आला. त्यानं पुतळ्याला न्याहाळलं आणि खुशाल आपला ओला पंचा त्यावर वाळत घातला!

"बघ! ओळखलं वाटतं!" राजा पडद्याआड खुदखुदला. आचारी पंचा घेऊन गेला. उन्हं कलली. गोजरा पडद्याच्या फटीतून दाराकडं बघत राहिली.

तेवढ्यात पैंजण वाजले. राणीसाहेब दारात थबकल्या.

"काय हे, महाराज! पुन्हा? वैद्यबुवांनी गोड बंद केलंय ना? ठेवा तो लाडू खाली!" त्यांनी पाठीत बोट खुपसलं. "अगं आई गं! दगड!"

राजा पडदा सारून बाहेर आला. "राणीसाहेब! चेहरा नसताना ओळखलंत कसं?"

"इथं मला तुमची पाठच दिसते रोज!"

राजा गोजराकडं वळला. "पोरी, राजाचा पुतळा सिंहासनावर बसलेला करतात. हे काय केलंस?"

"सिंहासनावर कुणालाही बसवा महाराज, राजाच दिसतो! पण अंग चोरून, मान वाकडी करून लाडू लांबवावा तो आपणच! अंगणात दगड फोडताना इथल्या खिडकीतून रोज बघत होते मी."

राजानं डोळे वटारले. मग त्याच्या ओठांचा कोपरा हलला, पोट गदगदलं आणि तो इतका हसला की मांडणीवरची भांडी थरथरली.

"घे!" डोळे पुसत तो म्हणाला. "काळ्या पाषाणाची अख्खी टेकडी तुझी!"