जांभ्याच्या भिंतीतला मूळपुरुष

देवळात पहिला मान दाजीकाकांचा आणि घरात शेवटचा शब्दही त्यांचाच. त्यांची पुतणसून हर्षाली मागच्या खोलीत बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करी. ओटीवर वायफाय सुसाट धावायचं, पण मधली जाडजूड जांभ्याची भिंत ओलांडली की जेमतेम सरपटायचं. भरदुपारीही त्या भिंतीला हात लावला, तर आत कुणी श्वास घेतंय असं वाटे.

"भिंतीत मूळपुरुष आसा," दाजीकाका म्हणाले. "सुनेची नोकरी तेका खपणा नाय. तोच वायफाय गिळता. नोकरी सोड."

मग भावकी जमवून त्यांनी ओटीवर मूळपुरुषाला गाऱ्हाणं घातलं. सुनेला सुबुद्धी मागितली. त्यांच्या प्रत्येक वाक्याला भावकी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणत होती.

गाऱ्हाणं संपलं तशी हर्षाली मागच्या खोलीतून आली. विजेच्या तारेसाठी पाडलेल्या भोकातून तिने राऊटरची केबल भिंतीच्या आरपार नेली आणि लॅपटॉपला जोडली. ओटीवरचा वेग जसाच्या तसा मागच्या खोलीत आला. भावकी बघत राहिली.

"वायरीक तो तोंड लावणा नाय," दाजीकाका घुश्शात म्हणाले. "वाऱ्यावरसून येता तेवढाच गिळता."

"असेल, काका," हर्षाली म्हणाली. "तुमचं गाऱ्हाणंही मला आत अर्धंच ऐकू आलं. मूळपुरुषांना तुमचा शब्दही खपत नाही का?"

भावकी दाजीकाकांकडे बघू लागली.

तेवढ्यात भिंतीच्या आतून कुणीतरी सावकाश म्हणालं, "व्हय म्हाराजा."