भामाआजीच्या काठीची मूठ

"तीन वर्षं झाली, बुवा. अजून किती?"

धोंडबुवा चूल फुंकत होते. फुंकणी तोंडात असली की बुवांचं मौन असे. आणि अडचणीचा प्रश्न आला की फुंकणी हमखास तोंडात असे.

उल्हासने घसा खाकरला. "लाल दोऱ्याची रीळ माझ्या हातात कधी देणार?"

फू... फू...

खाडीकाठच्या त्या मठीत बुवा गळाच्या जुन्या काठ्या दुरुस्त करत. तडकलेला बांबू सांधायचा, सरस लावायचा, दोऱ्याने आवळायचा. शेवटचे सात वेढे लाल दोऱ्याचे. ते मात्र बुवा स्वतः घालत. ज्या दिवशी ती रीळ शिष्याच्या हातात जाईल, त्या दिवशी शिष्य मोकळा. उल्हासने तालुक्याच्या बाजारात गाळा बघून ठेवला होता, पाटीवरचा मजकूरसुद्धा ठरवून ठेवला होता. सगळं त्या रिळीपाशी अडलं होतं.

गंमत म्हणजे बुवांच्या गळ्यात तुळशीची माळ. माशाच्या वासानेही त्यांना मळमळे. "मग गळाच्या काठ्या दुरुस्त करता, त्याचं पाप नाही का लागत?" असं एका पाहुण्याने मुद्दाम खोचून विचारलं होतं.

"माझ्या काठीने मासे मिळतात, असं तुम्हाला कोण म्हणालं?" बुवांनी त्याला उलट विचारलं होतं.

उल्हास फिटरचा कोर्स करून आलेला. वाकडं काही दिसलं की त्याला चैन पडत नसे. काठी झाली की तो ती आढ्याला टांगायचा आणि शेजारी ओळंबा सोडायचा.

"आज भामाआजी काठी न्यायला येणार आहे," तो म्हणाला. "तुम्हीच बघा. असं काम या खाडीवर कुणी केलेलं नाही. ती खूश झाली, तर रीळ माझी. चालेल?"

बुवांनी फुंकणी काढली. "चालेल."

आणि परत तोंडात घातली.

भामाआजी आली ती धापा टाकतच. नवरा गेल्यापासून ती रोज त्याची काठी घेऊन धक्क्यावर बसायची. मासा मिळो न मिळो. काठी मोडली त्या दिवसापासून ती धक्क्याकडे फिरकली नव्हती. घरात तिचा जीव रमत नव्हता, आणि हे ती येईल त्याला सांगत होती.

"बुवानू, झाली काय माझी काठी?"

उल्हासने काठी दोन्ही हातांनी पुढे केली. सरळसोट, तेल पाजलेली, चकचकीत.

आजीला डोळ्यांनी कमीच दिसे. तिने मूठ धरली, अंगठा फिरवला. खाली नेला... वर आणला... परत खाली नेला.

"ही माझी न्हय."

"तुमचीच आहे, आजी! तडा सांधला. बाक काढला. पोकळ बांबूच्या त्या मुठीला खड्डे पडले होते, म्हणून तशीच नवीन मूठ बसवली."

"खड्डे?"

"उंदराने कुरतडली होती."

आजी त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिचा आवाज चढला.

"उंदीर न्हय रे मेल्या! माझो घोव तो!"

आजीने मूठ तोंडापाशी धरून दाखवली.

"गळाच्या गरीक आमिष लावूक दोनय हात लागत. मगे काठी खय धरतलो? दातात! चाळीस वर्सां ह्याच केल्यान." ती मठीच्या उंबऱ्यावर मटकन खाली बसली. "तो गेलो. दात तेवढे माझ्याकडे रवले होते..."

तिने मान वर केली.

"जुनी मूठ खय आसा?"

"जळणात टाकली," उल्हास म्हणाला. हे वाक्य त्याने इतक्या हळू म्हटलं, की ते फक्त त्यालाच ऐकू गेलं असावं. पण आजीला बरोबर ऐकू गेलं.

तिने पदर डोळ्यांना लावला. उल्हासने जळणाची टोपली उपडी केली. शेंडे निघाले, ढलप्या निघाल्या, एक नारळाची करवंटी निघाली. मूठ नव्हती. त्याने चुलीच्या राखेत हात घातला आणि चटका बसून बाहेर काढला. रीळ, गाळा, पाटी, सगळं त्याच्या डोक्यातून गेलं होतं. आता मूठ तेवढी सापडू दे, एवढंच तो मनात घोकत होता.

बुवा शांतपणे फुंकत होते.

मग त्यांनी फुंकणी तोंडातून काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि आजीच्या हातात ठेवली.

आजीने अंगठा फिरवला. एका जागी तो थांबला.

"ह्यो बघ... हयसर एक खड्डो कमी. तेचो फुडचो दात पडलेलो." ती रडता रडता हसायला लागली. मग एकदम तिला शंका आली. "बुवानू, तुमचे दात नाय मा लागले?"

बुवांनी आ वासला. आत एकही दात नव्हता.

"टोकाला जरा काळी पडलीय," उल्हास अपराधी आवाजात म्हणाला.

"तो तरी खय गोरो होतो!"

उल्हासने नवी मूठ काढली, जुनी बसवली, सरस लावून दोऱ्याने आवळली. खड्डे उघडे ठेवले. काठी बोटभर वाकडी दिसत होती. त्याचा हात सवयीने ओळंब्याकडे गेला... आणि रिकामाच परत आला. बुवांनी लाल दोऱ्याचे सात वेढे घातले. सरस वाळेपर्यंत थांब, असं दोघांनी सांगूनही आजी काठी घेऊन निघाली, ती घराकडे नाही, धक्क्याकडे.

उल्हासने सांडलेलं जळण टोपलीत परत भरलं. पण गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"शिकलो, बुवा."

"काय?"

"जुन्या काठीची मूठ कधी बदलायची नाही."

"हं."

"मग... रीळ?"

बुवांनी खाली पडलेली ती नवी, चकचकीत मूठ उचलली.

"हिच्यावर दात उमटले, की रीळ तुझी."

उल्हास कपाळाला हात लावून म्हणाला, "पण बुवा, तुम्हाला एक तरी दात आहे का?"

चूल विझत आली होती. बुवांनी मूठ त्याच्या हातात दिली.

"तुला आहेत ना?... फुंक."