दातांचं भाडं

"उद्या रोजा सोडायला तुझ्या महालात येतो. पण दातांचं भाडं म्हणून मला अशी वस्तू दे, जी माझी नाही!"

एवढं बोलून सुलतान हसत निघून गेला. पेरिदिल राणीच्या हातातली गुलाबदाणी निसटली, ती थेट तिच्याच पायावर!

इस्तंबूलची रीतच तशी. रमजानात जेवायला आलेल्या पाहुण्याला यजमानानं जाताना भेट द्यायची. बिचाऱ्यानं आपल्या घरी येऊन दात झिजवले ना, त्याचं हे भाडं!

पेरिदिल ही सुलतानाची तिसरी राणी. तिनं मागितलं तरी काय होतं? खाडीपलीकडे, उस्कुदारला तिची आई राहायची. महालाच्या जाळीतून त्या घराची लाल कौलं रोज दिसायची, पण आईला भेटून सात वर्षं झाली होती. "एक दिवस जाऊ का?" एवढंच तिनं विचारलं. त्यावर सुलतानाचा हा हट्ट! भाडं जमलं तर जा. नाही जमलं, तर पुन्हा नाव काढायचं नाही.

"आता काय गं करू, काल्फा?" राणी रडकुंडीला आली. काल्फा म्हणजे महालातली जुनी दासी. ही गुलनिहाल काल्फा तर इतकी जुनी, की तिच्या तोंडात तीनच दात उरले होते. "मी भरतकाम केलेला रुमाल देऊ?"

"रेशीम त्यांच्या गिरणीतलं."

"माझी कॅनरी?"

"त्यांच्याच पिंजऱ्यात अंड्यातून निघाली."

"पियानो वाजवून दाखवू?"

"पियानो त्यांचा, शिकवणीचा पगार त्यांचा. बोटं तेवढी तुमची, ती काय तोडून देणार?"

"अगं बाई! मग संपलंच!"

"काही संपत नाही. उद्या ते 'जेवा' म्हणाले, की नको म्हणायचं नाही. बास!"

"मला घास उतरेल का?"

"एक तरी उतरवा. आणि चावून!"

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळला, रोजा सुटल्याची तोफ धडाडली आणि राणीच्या हातून चमचा उडाला. तोफ रोज वाजायची, राणी रोज दचकायची. सुलतानानं कांद्यावरची अंडी पुढे ओढली. दोघी अदबीनं उभ्याच!

"उभ्या काय? बसा! माझ्या घरात कुणी उपाशी राहत नाही!"

दोघी बसल्या आणि जेवल्या. राणीनं तर एक घास बत्तीस वेळा चावला!

सुलतानानं मिशी पुसली. "हं, भाडं?"

राणीचा चेहरा पांढराफटक. काल्फा पुढे सरकली. "हुजूर, हे ताट कुणाचं?"

"माझं."

"अंडी?"

"माझ्या कोंबड्यांची."

"हा महाल? चूल? आचारी?"

"माझा, माझी, माझा! म्हातारे, वेळ काढू नकोस!"

"छे छे! घर हुजुरांचं, अन्न हुजुरांचं, 'बसा' म्हणालेही हुजूरच. मग यजमान कोण?"

सुलतानाचा हात मिठाईवर तसाच थांबला.

"पाहुण्या तर आम्ही! दात झिजले आमचे. राणीसाहेबांचे बत्तीस, माझे तीन. काढा भाडं!"

राणीनं डोळे गच्च मिटले. आता काय होतंय! पण सुलतान असा हसला, असा हसला, की कॅनरी पिंजऱ्यात फडफडली.

"बोल पेरिदिल, काय देऊ?"

राणीनं एक डोळा उघडला. "एक... एक दिवस, हुजूर. आईकडे."

"एक कसला? दाताला एक दिवस! बत्तीस दिवस राहून ये. माझी नाव घेऊन जा."

"आणि माझे तीन?" काल्फानं विचारलं.

"तुला काय हवं?"

"ते राणीसाहेबांच्यात मिळवा. झाले पस्तीस!"

"दिले! पण म्हातारे, माझी नसलेली वस्तू काही मला मिळाली नाही हं!"

काल्फानं तोंडात बोट घातलं, हलणारा दात एका झटक्यात उपटला आणि ताटात टणकन ठेवला. "ही घ्या! हा मी येताना माहेराहून आणला होता!"

सुलतान हसता हसता गादीवरून खाली आला. "पस्तीस नाही, चाळीस!" तो ओरडला. "आणि म्हातारे, तूही जा बरोबर!"