एकट्याचं कडं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही.

तिथे एक रीत होती. जो शिपाई एकट्याने शत्रूला अडवेल, त्याच्या मनगटात राजा चांदीचं कडं घालायचा. मग दर दसऱ्याला त्या वीराने चावडीवर उभं राहून आपला पराक्रम गावाला सांगायचा.

एका वर्षी शत्रू खिंडीतून चालून आला. खिंडीत होता नुकतीच मिसरूड फुटलेला एक शिपाई, आणि वरच्या कातळावर एक म्हातारा नगारची. शिपायाने सकाळपासून तलवार चालवली, म्हाताऱ्याने सकाळपासून नगारा बडवला. कपारींत तो आवाज असा घुमला, की वर मोठी फौज आहे असं शत्रूला वाटलं. दिवस कलताना तो माघारी फिरला. खिंड वाचली, पण म्हाताऱ्याचे कान कायमचे गेले.

दरबारात राजाने विचारलं, "एकटाच होतास?"

पोराचं सगळं लक्ष कड्याकडे. "होय महाराज," तो म्हणून गेला. एवढंसं उत्तर, पण पुढे ते किती जड झालं बघा.

दसरा आला. शिपायाने चावडीवर गोष्ट चांगली रंगवून सांगितली. नगाऱ्याचा त्यात उल्लेखही नव्हता. म्हातारा मात्र अगदी पुढे बसून कौतुकाने मान डोलवत होता. गोष्ट संपल्यावर त्याने शिपायाला पोटाशी धरलं.

"छान सांगितलंस, लेकरा. मला ऐकू येत नाही, पण तुझे ओठ बघत होतो. माझंही नाव घेतलंस ना? भरून पावलो."

शिपायाला कुठे तोंड लपवू असं झालं. त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. खरं सांगावं तर कडं जाणार आणि मानही जाणार. न सांगावं तर पुढच्या दसऱ्याला म्हातारा पुन्हा समोर येऊन बसणार.

आणि तो बसलाच. शिपायाने त्याला हाताला धरून आपल्या शेजारी उभं केलं.

"मी महाराजांशी खोटं बोललो," तो म्हणाला. "खिंडीत आम्ही दोघं होतो. यांचा नगारा नसता, तर मी दुपारसुद्धा बघितली नसती."

कारभाऱ्याने पुढे येऊन कडं काढून घेतलं. आता दोघांना एकेक कडं मिळालं असेल, असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. रीत एकट्याची होती.

"कडं कुठे रे?" म्हाताऱ्याने रिकामं मनगट बघून विचारलं. शिपायाने त्याचा तळवा हातात घेतला आणि त्यावर बोटांनी ठेका धरला, खिंडीतला तोच ठेका. म्हाताऱ्याला सगळं कळलं. तो कितीतरी वेळ रडत राहिला.

पुढे पुन्हा लढाई आली. खिंडीत कोण जातो, असं विचारताच तो शिपाई उठला, आणि त्याच्यामागे चाळीस जण उठले. त्यांतला एक म्हणाला, "याच्या शेजारी पडलो, तरी आपलं नाव हा गावाला सांगेल."

आपल्या पराक्रमाच्या गोष्टीत दुसऱ्याचं नाव घ्यायला जी हिंमत लागते, ती तलवार चालवण्याच्या हिमतीहून मोठी असते.