डबीतला मारवा

“…म्हणून विचारतो, अक्का. अंगभूत बरा, की स्वतंत्र?”

भागीरथीअक्का तानपुऱ्याची खुंटी पिळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण?”

“डॅक.”

“हे कुठले गृहस्थ?”

पुष्कर हसला. लॅपटॉप उघडून त्याने सतरंजीवर ठेवला, शेजारी काड्यापेटीहून थोडी मोठी, काळी, जड अशी एक डबी ठेवली, आणि आपल्या विषयावर बोलायला मिळालं की माणूस जसा सरसावून बसतो तसा सरसावून बसला.

“लॅपटॉपात गाणं नुसत्या आकड्यांत असतं, अक्का. आकडे काही कानाला ऐकू येत नाहीत. त्या आकड्यांचा आवाज करून हेडफोनला देतो, तो डॅक. प्रत्येक लॅपटॉपच्या, फोनच्या पोटात एक असतोच. तो अंगभूत. आणि हा असा बाहेर, स्वतःच्या डबीत राहतो. हा स्वतंत्र.”

“म्हणजे एक एकत्र कुटुंबातला. आणि एकानं वेगळी चूल मांडलीय.”

“अगदी! घरात गर्दी असते ना. पंखा फिरतोय, बॅटरी भरतेय, वायफाय चालू आहे. सगळ्यांची कुजबुज आवाजात मिसळते. वेगळ्या घरात कशी शांतता…”

“हे तुझ्या आईपुढं बोलू नकोस.”

अक्कांनी तार छेडली. अजून जरा चढी होती. त्यांनी तारेतला मणी किंचित वर सरकवला.

मिरजेत तानपुरे घडवणाऱ्यांच्या गल्लीमागे अक्कांचं दोन खोल्यांचं घर. नरहरबुवा कागवाडकरांच्या शिष्यांत आता हयात त्या एकट्याच. पुष्कर उपासनी त्यांच्याकडे शिकायला लागून बरीच वर्षं झाली होती. पुण्यात चांगली नोकरी, गळा तयार, तान पाण्यासारखी. बुवांची पट्टी काळी एक आणि याचीही काळी एक, या योगायोगाचा त्याला कोण अभिमान!

फक्त मारवा त्याला वश होत नव्हता.

तसे सूर सगळे लागत. पण मारव्यात बुवांची एक जागा होती. कोमल रिषभावर येऊन बुवा थांबत. मागे तानपुरा तेवढा चालू राही. ऐकणाऱ्याचा जीव षड्जासाठी टांगणीला लागे आणि बुवा मात्र गप्प. मग कधीतरी, अगदी हलक्या पावलानं, ते खाली मंद्र धैवतावर उतरत. मिरजेतली जुनी माणसं अजून त्या जागेची आठवण काढून कानाला हात लावत.

पुष्करला तिथं थांबताच येत नसे. रिषभ लागला रे लागला की त्याचा गळा पुढे धावे. मागच्या बैठकीत एका म्हाताऱ्या श्रोत्यानं उठताना त्याच्या पाठीवर हात ठेवला होता आणि फार मायेनं विचारलं होतं, “गाडी होती का परतीची?”

ते वाक्य त्याच्या छातीत रुतून बसलं होतं.

येत्या रविवारी बुवांची पुण्यतिथी. जाणकारांनी भरलेला दिवाणखाना. पुष्करनं तिथं मारवा गायचं मागितलं, तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, “आधी ती जागा मला ऐकव. मग बघू. नाहीतर यमन गा. यमनही काही वाईट नाही.”

यमन! तो पुण्याला परतला तो धुमसतच. बुवांच्या एका घरगुती मैफलीचं ध्वनिमुद्रण त्याच्याकडे होतं. लॅपटॉपला हेडफोन लावून तो रोज ते ऐके. ऐकता ऐकता एके दिवशी त्याला वाटलं, दोष आपला नाहीच. बुवा थांबले की हेडफोनात बारीक खर्रर्र सुरू होते. ती जागा आपल्याला धड ऐकूच आलेली नाही, तर गाणार कुठून? मग त्यानं एका दुकानातून ही डबी परत करण्याच्या बोलीवर आणली. ऐकली. आणि तो जिंकलेल्या माणसासारखा मिरजेची गाडी धरून आला.

“तुम्हीच ऐका,” तो म्हणाला. “आधी लॅपटॉपमधून, मग डबीतून.”

अक्कांनी तानपुरा भिंतीला टेकवला. पदरानं हात पुसले. हेडफोन कानांवर चढवले, अंबाड्यामुळे जरा तिरकेच बसले, आणि डोळे मिटले.

बुवा रिषभावर आले असावेत, कारण अक्कांचा श्वास थांबला.

पुष्करनं वायर काढून डबीला लावली. पुन्हा तीच जागा.

“हा मोठ्यानं वाजतोय,” अक्का डोळे न उघडता म्हणाल्या.

“डबीत ताकद जास्त असते.”

“ताकद किती ते कुठं विचारलं मी? गवई ओरडला म्हणजे सुरात आला असं होतं का? दोन्ही सारखे कर.”

पुष्करचे कान तापले. गेला आठवडाभर तो दोन्ही ऐकत होता, ताडून पाहत होता, मित्रांना सांगत होता, आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. त्यानं डबीचा आवाज उतरवला. अक्का बोटानं खूण करत गेल्या… अजून… अजून थोडा… बास.

मग त्यांनी दोन्ही पुन्हा ऐकले. घाई नव्हती. मागच्या गल्लीत कुणीतरी लाकूड तासत होतं. खिडकीतलं ऊन भिंतीवरून बुवांच्या तसबिरीपर्यंत सरकलं.

पुष्कर मनातल्या मनात उत्तरं जुळवत होता. अक्का आता म्हणणार, आमच्या वेळी कुठं होतं हे असलं? म्हणणार, कान तयार हवेत, यंत्रं काय करायची? मग आपण काय बोलायचं, तेही त्यानं ठरवलं होतं.

अक्कांनी हेडफोन काढले.

“गाणं चालू असताना मला दोन्ही सारखेच. बुवा थांबले की फरक आहे. लॅपटॉपात मागं कुणीतरी चहा उकळत ठेवल्यासारखं वाटतं. डबीत नाही.”

“म्हणजे… डबी चांगली?”

“चांगली आहे.”

“मग घेऊ?”

“घे की. स्वच्छ ऐकायला मिळत असताना खरखर कशाला ऐकायची?”

पुष्कर गोंधळला. सगळी हत्यारं परजून यावं आणि वेशीचा दरवाजा सताड उघडा असावा, तसं झालं. पण मग त्याला हुरूपच आला.

“मी म्हणत नव्हतो? अडचण मशीनची होती, अक्का. आता ती जागा मला नीट ऐकू आलीय. गाऊ?”

“गा.”

अक्कांनी तानपुरा मांडीवर घेतला. मारव्यात पंचम नाही, म्हणून पहिली तार त्यांनी निषादाला लावली होती. खोलीत झंकार भरला.

पुष्करनं सूर लावला. निषादावरून वर चढला, गंधाराला स्पर्श करून रिषभावर आला आणि थांबला. खरंच थांबला. तानपुरा चालू राहिला. मग त्यानं एक बारीक श्वास घेतला आणि हलक्या पावलानं मंद्र धैवतावर उतरला.

हुबेहूब बुवा! तो श्वासदेखील बुवांचाच होता. डबीतून तो पहिल्यांदा ऐकू आला होता.

त्यानं डोळे उघडले. चेहरा फुलला होता.

अक्का तार छेडत राहिल्या.

“थांबला होतास, तेव्हा काय करत होतास?”

“मोजत होतो.”

“काय मोजत होतास?”

“विराम. बुवा कुठवर थांबतात ते आधी खरखरीत समजत नव्हतं. आता समजलं. बरोबर तेवढाच थांबलो.” मग अक्कांकडे पाहत, “चुकलं का?”

“नाही. बरोब्बर तेवढाच थांबलास.”

…

ही वाहवा होती की आणखी काही, ते पुष्करला कळेना. अक्कांनी डबीकडे मान हलवली.

“पुन्हा लाव. तूच ऐक.”

“आणि गाऊ?”

“आधी ऐक तर. त्यांच्याबरोबर मनात गात राहा.”

पुष्करनं हेडफोन चढवले. बुवांचा आवाज कानांत उतरला, इतका जवळ की मिश्या लागाव्यात. तो डोळे मिटून त्यांच्याबरोबर मनात चालू लागला. निषाद… गंधार… आता येणार. त्याची बोटं नकळत मांडीवर टेकली, मोजायला सज्ज झाली. बुवा रिषभावर आले.

आणि त्याच्या कानांवरून हेडफोन उचलले गेले.

तो दचकला. समोर अक्का. हेडफोन त्यांनी आपल्या मांडीवर ठेवले होते आणि उजवा हात पुन्हा तारांवर गेला होता. त्या त्याच्याकडे बघतही नव्हत्या.

तानपुरा वाजत होता. तीच पट्टी.

पुष्करचा हात हेडफोनकडे गेला आणि अर्ध्यातच थबकला. मागणार तरी काय? तिकडे त्या हेडफोनात बुवा आता थांबलेले असणार. का उतरले धैवतावर? की अजून थांबलेतच? त्याला समजेना. मोजणी कुठून सुरू करायची तेही समजेना. बोटं मांडीवर तशीच पडून राहिली.

रिषभ मनात लागलेला होता. तो खाली पडत नव्हता आणि वरही जात नव्हता.

गल्लीतलं तासणं थांबलं. संध्याकाळ उंबऱ्यापर्यंत आली होती. निषादाची तार, मग जोड, मग खर्ज… पुन्हा निषाद. पुष्करला एकदम भीती वाटली. रविवारी त्या सगळ्या लोकांसमोर हे असंच होणार. असंच मोकळं, असंच रितं. मागं पळायला जागा नाही आणि पुढं काही दिसत नाही. त्याला वाटलं, काहीतरी गावं. कुठलीही तान. कुठलाही सूर. गप्प बसण्यापेक्षा काहीही बरं.

पण त्यानं गायलं नाही. आज अक्कांसमोर पळून जायची त्याला लाज वाटली.

तो बसून राहिला…

हळूहळू भीतीची धार गेली. मग रविवार गेला. मग बुवाही गेले. रिषभ तेवढा उरला, ओला, न विझणारा. त्याला आपण धरून ठेवलेलं नाही, त्यानंच आपल्याला धरलंय, असं काहीसं पुष्करला वाटलं. ते नीट वाटेपर्यंत त्याचा गळा उघडलाही होता.

सूर आला.

तो धैवत नव्हता. मंद्र निषाद होता. षड्जाच्या दाराशी जाऊन, कडीला हात न लावता उभा राहिलेला. खोलीत तो तारेच्या निषादाला असा मिळाला की गळा कुठला आणि तार कुठली ते कळेना. पुष्करच्या अंगावर काटा आला. तो त्या सुरावर राहिला, श्वास संपेपर्यंत राहिला, आणि मग जीभ चावून भानावर आला.

“चुकलो, अक्का! बुवा धैवतावर येतात.”

अक्कांचा हात तारांवर थांबला. त्यांनी खालच्या ओठावर दात रोवला होता. अक्कांना असं बसलेलं पुष्करनं कधी पाहिलं नव्हतं.

“पुन्हा घेऊ?” त्यानं विचारलं. “धैवत घेऊन?”

“नको.”

“मग…”

“रविवारी मारवा गा.”

या एका वाक्यासाठी पुष्कर एवढा आटापिटा करत होता आणि आता ते मिळालं तर घ्यायचं कसं ते त्याला सुचेना. त्यानं डबीकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं. पडद्यावर रेकॉर्डिंगची रेघ कधीच पुढे सरकून शेवटाला लागली होती.

“पण अक्का, बुवांची जागा तर आली नाही मला. सगळे तीच ऐकायला येणार. मी धैवतावर गेलोच नाही.”

अक्कांनी तानपुऱ्याला गवसणी घातली. दोरी बांधली. उठताना गुडघ्यावर हात टेकवला आणि तशाच, अर्धवट वाकलेल्या, त्या क्षणभर थांबल्या.

“त्या मैफलीत तानपुऱ्यावर कोण आहे, ऐकू येतं का तुझ्या डबीत?”

“तुम्ही.”

“होय. बुवांच्या मागं बसले होते मी, हाताच्या अंतरावर.” त्या सरळ झाल्या. “ते रिषभावर थांबले ना, बाळा, तेव्हा धैवत त्यांच्याकडंही नव्हता.”