शून्यनाथाचा वाद आणि धुळाप्पाचा अंतरपाट

बोरमाळ गावात धुळाप्पा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. मनाने सरळ, अंगाने दणकट. कुणी काही सांगितलं की ते तो तसंच्या तसं करायचा. अडचण एवढीच होती, की ज्या कामासाठी सांगितलं ते काम सोडून दुसरीकडेच करायचा.

त्या वर्षी गावाला एका मालिकेचं वेड लागलं होतं. मालिका अंतराळातली होती. तिच्यात शून्यनाथ नावाचा खलनायक होता. तोंडावर लोखंडी मुखवटा, अंगात काळा झगा. त्याने एक अख्खा ग्रह जाळला होता. पण जळत्या ग्रहावरून लहान मुलांचं एक यान तेवढं सुखरूप निसटलं. ते त्याने मुद्दाम सोडलं की त्याच्या हातून सुटलं, हे मालिकेत कुणी सांगितलं नाही. झालं, गावाच्या दोन बाजू पडल्या. गिरणीवाले नरसूअण्णा म्हणायचे, शून्यनाथ वाईट. इंदूमावशी म्हणायच्या, तो आतून चांगला आहे. रोज गिरणीवर दळण पडायचं आणि वाद उठायचा.

धुळाप्पाच्या घरी टीव्ही नव्हता. पण दळण घेऊन तो जायचा आणि सगळं मन लावून ऐकायचा.

त्याच्या बहिणीचं, मंगलचं लग्न ठरलं होतं. स्थळ चांगलं होतं, मुलगा मंगलच्या मनात भरला होता. फक्त व्याही श्रीपतराव फार कडक. त्यांनी आधीच बजावलं होतं, "मुहूर्त टळला तर मी वरात माघारी नेईन." आईच्या जिवाला घोर लागला होता. तिला मुहूर्ताची भीती नव्हती. धुळाप्पाची होती.

एक दिवस धुळाप्पा गिरणीवर म्हणाला, "शून्यनाथ वाईटच असणार. काळा झगा घालतो."

इंदूमावशी म्हणाल्या, "झग्यावरून माणूस कळतो का रे? आधी मुखवट्यामागे कोण आहे ते बघावं."

धुळाप्पाला पटलं. दुसऱ्या दिवशी शाळेजवळच्या चिंचेवर एक माणूस मधाचं पोळं काढायला आला. तोंडावर जाळी बांधून वर चढला होता. धुळाप्पा मागोमाग चढला आणि त्याने जाळी ओढून काढली.

"कोण आहात तुम्ही?" त्याने विचारलं.

माशांनी उत्तर देऊ दिलं नाही. संध्याकाळपर्यंत त्या माणसाचं तोंड एवढं सुजलं, की तो कोण आहे हे त्याच्या बायकोलाही सांगता येईना.

नरसूअण्णांनी धुळाप्पाला समोर बसवलं. "अरे, शून्यनाथाचा चेहरा दाखवत नाहीत, त्यातच सगळी गंमत आहे. झाकलेलं तोंड कधी उघडू नये."

"चुकलंच माझं," धुळाप्पा म्हणाला. "आता नाही उघडणार."

दोनच दिवसांत इंदूमावशींच्या शेळीने पाणी प्यायला कळशीत तोंड घातलं आणि ते आत अडकलं. शेळी कळशीसकट गावभर धडका देत फिरू लागली. धुळाप्पा वाटेत भेटला. तिची कळशी सारखी करून तो अदबीने बाजूला झाला. शेळी गिरणीत शिरली, अण्णांना पाठीमागून धडकली आणि तीन घरांचं पीठ एक झालं.

"तुला दिसली ना रे ती?" मावशींनी विचारलं.

"दिसली की. पण तोंड झाकलेलं होतं."

"जीव गुदमरत होता तिचा. शून्यनाथानेसुद्धा लेकरांचं यान सोडून दिलं. त्याच्याएवढी तरी माया असू दे. अडकलेला जीव दिसला की सोडवावा."

"चुकलंच माझं," धुळाप्पा म्हणाला. "आता सोडवणार."

लगेच दुसऱ्या दिवशी तो कोंडवाड्यावरून जात होता. लोकांची पिकं खाणारी मोकाट गुरं पंचायतीने आत कोंडली होती. ती गजांतून बाहेर बघत होती. धुळाप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने फाटक उघडलं आणि एकेकाच्या पाठीवरून हात फिरवून निरोप दिला. गुरं थेट अण्णांच्या मक्यात गेली.

अण्णांनी डोक्याला हात लावला. "कुणाला विचारून सोडलीस?"

"मावशींनी सांगितलं. शून्यनाथानेही सोडलं होतं."

"सोडलं की सुटलं, यावर अजून गावाचं एकमत नाही. हे बघ, दोन्ही बाजूंचं एकमत झाल्याशिवाय हातातलं काहीही सोडायचं नाही. कळलं?"

"कळलं," धुळाप्पा म्हणाला. आणि त्याला खरोखरच कळलं होतं.

लग्नाचा दिवस आला. आईने धुळाप्पाला सकाळपासून कशालाही हात लावू दिला नाही. पण बहिणीच्या लग्नात सख्ख्या भावाला काही काम नको का? म्हणून तिने त्याच्या हातात अंतरपाटाचं एक टोक दिलं. दुसरं मामांकडे. नुसतं धरायचं आणि मंगलाष्टकं संपली की सोडायचं. यात चुकण्यासारखं काही नाही, असं त्या माउलीला वाटलं.

अंतरपाटाच्या एका बाजूला मंगल, दुसऱ्या बाजूला नवरदेव. मंगलाष्टकं संपली. भटजींनी खूण केली. मामांनी टोक सोडलं. धुळाप्पाने ते वरच्यावर झेललं आणि दोन्ही हात ताणून एकटाच उभा राहिला.

"सोडा आता," भटजी म्हणाले.

"दोन्ही बाजूंचं एकमत झालं का?"

"दादा, झालंय," पलीकडून मंगल दबक्या आवाजात म्हणाली.

"माझंही झालंय," नवरदेव म्हणाला.

"तुमचं नाही हो," धुळाप्पा म्हणाला. "अण्णा, मावशी, तुमचं झालं का?"

श्रीपतरावांनी घड्याळ बघितलं.

"नाही," नरसूअण्णा म्हणाले.

"आणि व्हायचंही नाही," इंदूमावशी म्हणाल्या.

"मग सोडता येत नाही," धुळाप्पा म्हणाला.

आई रडकुंडीला आली. "अहो अण्णा, मुहूर्त चाललाय. हो म्हणा की."

"वहिनी, शुभकार्यात खोटं कसं बोलू? तो शून्यनाथ वाईटच आहे."

"वाईट असता तर यान सोडलं असतं का?" मावशी म्हणाल्या.

"सोडलं?" मागून जाडा आवाज आला. श्रीपतराव पुढे झाले होते. "सोडलं नाही बाई, सुटलं. मी तो भाग दोनदा बघितलाय. यान सुटतं तेव्हा याचं तोंड दुसरीकडे आहे."

"मुद्दाम फिरवलंय ते तोंड," वरमाय म्हणाल्या. "तुम्हाला घरीही मी हेच सांगितलं."

मग काय, वराकडचे, वधूकडचे, वाजंत्रीवाले, सगळे त्यात पडले. "मुहूर्त, मुहूर्त," भटजी ओरडत होते. "थांबा हो तुम्ही," श्रीपतराव त्यांना म्हणाले, "आधी हे मिटू दे."

मंगल शहाणी मुलगी. ती टाचा उंचावून पाटावर उभी राहिली आणि तिने अंतरपाटावरून अंदाजाने हार टाकला. तो नेमका गळ्यात पडला. नवरदेवानेही वरूनच हार टाकला. भटजींनी घाईघाईने एकट्यानेच अक्षता उधळल्या. लग्न लागलं, तेही मुहूर्तावर. श्रीपतरावांना ते पंगतीत बसल्यावर कळलं.

पंगती उठल्या. वरात निघाली. मंगल डोळे पुसत दादाला शोधू लागली. तो मांडवातच होता, दोन्ही हात ताणून.

"दादा, मी निघाले," ती म्हणाली. "पोचवायला वेशीपर्यंत तरी ये."

"येतो ना," धुळाप्पा म्हणाला. "एकमत झालं की लगेच येतो."