सरंगा मोठा की बोंबील

हं, पाय पांघरुणात घ्या आणि ऐका. समुद्राच्या काठी एक कोळीण राहायची. चांगुणा तिचं नाव. अंगानं बारीक, पण बोलायला खमकी. तिचा नवरा धर्मा नाखवा मात्र भारी उतावळा. पावसाळ्यात दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटू नये, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. यानं लोटली. मग काय, दर्याराजानं त्याला होडीसकट खाली ओढलं आणि पाण्याखालच्या महालात कोंडलं.

चांगुणा रडली, पण खचली नाही बरं का. नारळी पौर्णिमा आली तशी नारळ घेऊन निघाली. तिनं तो पाण्यात सोडला, तर पाणी बाजूला सरलं आणि पायऱ्या दिसल्या. मग ती तरातरा खाली उतरली.

खाली दर्याराजा डोकं धरून बसला होता. त्याच्यापुढे दोघं कडाकडा भांडत होते. एक सरंगा, म्हणजे आपलं मोठं पापलेट. रुपेरी, चपटा, इवल्याशा तोंडाचा. दुसरा बोंबील, लांबुळका, लुळा, आणि तोंड हे एवढं फाटलेलं.

राजा म्हणाला, "शंभर वर्षं झाली, हे मला झोपू देत नाहीत. यांचा निवाडा कर आणि नवरा घेऊन जा. पण दोघांतला एक जरी रुसला, तरी तूही इथंच राहायचं."

"विचार की," चांगुणा म्हणाली.

"देखणा कोण?"

तिनं सरंग्याला उचललं आणि कल्ला उघडून आत लाल आहे का पाहिलं. "बाई, मी जिवंत आहे," सरंगा म्हणाला.

"बाजाराची सवय रे. देखणा तूच. पाटीत वर मी तुलाच मांडते." झालं, बोंबलाचं तोंड पडलं.

"कामाचा कोण?"

"बोंबील. दोघादोघांची तोंडं एकमेकांत अडकवून आमी ते दोरीवर वाळवतो. दर्या बंद झाला का तेच घर तगवतात." आता सरंगा फुगला.

मग राजानं तिसरा प्रश्न टाकला. "दोघांत मोठा कोण?"

आता आली का पंचाईत? पण चांगुणा डगमगली नाही. म्हणाली, "देवा, ते तूच ठरव. माज्या ताटात येईल तो मोठा. माजा नाखवा घरी आला तर ताजा सरंगा शिजंल, कारन तो आननारा नाखवाच. नाय आला तर सुके बोंबील हायेतच. पावसाळाभर तेच खाल्ले मी. एकटीनं, रडत."

मग बोंबील हळूच पुढे आला. "देवा, पावसाळाभर तिच्या ताटात मीच होतो. तिचं रडणं मी पाहिलंय. सरंग्याला मोठा म्हण, पण तिचा नाखवा सोड."

सरंग्याची मान खाली गेली. "मोठा हाच, देवा," तो म्हणाला. "मला हे सुचलं नसतं."

भांडण मिटलं. धर्मा नाखवा सुटला, आणि बायकोचा हात धरून मुकाट घरी आला. दोघं सुखानं राहिली.

आणि दर्याराजा? शंभर वर्षांची झोप साचलेली, तो जागीच आडवा झाला. ती लाट येते आणि जाते ना, तो त्याचा श्वास. ऐका बरं. तोही झोपलाय, आता तुम्हीही डोळे मिटा.